.४५-७० की .४४ मॅग्नम? लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलीच्या मोठ्या काडतुसांचा झटका नेमका किती असतो?

पबजी खेळलेल्यांना मिरामारच्या वाळवंटात सापडणारी ‘विन ९४’ आठवत असेल. एक गोळी झाडली की हाताखालची लोखंडी कडी पुढे ढकलायची, परत मागे ओढायची, की पुढची गोळी तयार. त्या कडीलाच लिव्हर म्हणतात आणि रायफलीच्या या जातीला लिव्हर-अ‍ॅक्शन. ‘ज्युरासिक वर्ल्ड’मध्ये (२०१५) ख्रिस प्रॅटच्या हातात दिसते ती याच जातीची मार्लिन १८९५. ‘विंड रिव्हर’मध्ये (२०१७) बर्फातून फिरणारा जेरेमी रेनरही तीच बाळगतो.

गेममधल्या विन ९४ ला .४५ एसीपी म्हणजे चक्क पिस्तुलाचं काडतूस लागतं. खऱ्या विंचेस्टर ९४ ची ओळख मात्र .३०-३० या काडतुसाने आहे. आणि सिनेमातल्या मार्लिनमध्ये असतं .४५-७०, म्हणजे ‘फोर्टीफाइव्ह-सेव्हंटी’. दोन्ही रायफली दिसायला सख्ख्या बहिणी, पण खांद्यावर बसणारा झटका एकीचा दुसरीच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. अलास्कातल्या अस्वलांच्या व्हिडिओंखाली ‘कोणतं काडतूस भारी?’ यावर जी भांडणं रंगतात, त्यांच्या मुळाशी हाच फरक आहे. भारी म्हणजे नक्की काय, आणि ते भारीपण झाडणाऱ्याला पेलतं का?

आधी नावांचा घोळ

अमेरिकेतली काडतुसांची नावं कोणत्याही एका नियमाने चालत नाहीत. .४५-७० मधले ४५ म्हणजे गोळीचा व्यास, साधारण ०.४५ इंच. ७० म्हणजे मूळ काडतुसात भरलेली काळी दारू, ७० ग्रेन. .३०-३० चं नावही त्याच धर्तीवर पडलं, पण त्यात काळी दारू नव्हती, नवी बिनधुराची दारू होती. .४४ मॅग्नम आणि .४४४ मार्लिन या दोघांची गोळी प्रत्यक्षात ०.४२९ इंचांची असते. .४५० मार्लिनची गोळी ०.४५८ इंचांची आणि .४५-७० चीही तेवढीच. थोडक्यात, नावावरून ताकदीचा अंदाज बांधायला जाऊ नका.

गोळीचं वजनही ग्रेनमध्येच सांगतात. हे माप आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. ब्रिटिश काळात ठरलेला आपला तोळा बरोबर १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता. (हल्ली सराफाकडे १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात, ती गोष्ट वेगळी.) त्या हिशेबाने .३०-३० ची नेहमीची १७० ग्रेनची गोळी तोळ्याला किंचित कमी भरते. .४५-७० ची जुनी ४०५ ग्रेनची गोळी भरते बरोबर सव्वादोन तोळे. आईच्या बांगड्यांएवढं शिसं एका फटक्यात बाहेर पडतं म्हणा ना.

झटका मोजायचा कसा?

शाळेत न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना बंदुकीचंच उदाहरण देतात. गोळी पुढे जाते, बंदूक मागे येते. गोळी आणि तिच्या मागोमाग सुटणारा गरम वायू मिळून जेवढा संवेग पुढे नेतात, तेवढाच संवेग रायफलीला मागे मिळतो. रायफलीचं वजन माहीत असेल तर ती किती वेगाने मागे येते ते काढता येतं, आणि त्यावरून झटक्याची ऊर्जा.

इथे एक खाच आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणजे संवेग दुप्पट झाला तर झटक्याची ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. कागदावर गोळी ‘थोडीशीच’ जड किंवा वेगवान दिसते आणि खांद्याला मात्र जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो, तो यामुळे.

तुलना सरळ व्हावी म्हणून सगळी काडतुसं ३.४ किलोच्या एकाच रायफलीतून झाडली असं धरून आम्ही हिशेब केला. काडतुसांच्या नेहमीच्या वजन-वेगांवरून काढलेले हे गोळाबेरीज आकडे आहेत, त्यात एखाद-दोन ज्यूल इकडेतिकडे होतील.

.३०-३० ची ११ ग्रॅमची गोळी सेकंदाला ६७० मीटर वेगाने निघते, झटका साधारण १४ ज्यूल. रायफल ताशी १० किलोमीटर वेगाने खांद्यात शिरते, म्हणजे सकाळी बागेत धावणाऱ्या काकांच्या वेगाने. हे काडतूस ‘मोठ्या’ गटातलं नाही, पण बाकीच्यांना मोजायला फूटपट्टी म्हणून उत्तम. .३५ रेमिंग्टन १८ ज्यूलच्या आसपास. .४४ मॅग्नम पुन्हा १४. .४५-७० चं जुन्या पद्धतीचं, मंद गतीचं ४०५ ग्रेनचं काडतूस २२. .४४४ मार्लिन ३४. .४५० मार्लिन ५०. आणि .४५-७० चंच आजकालचं सर्वांत कडक काडतूस, २८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ५८५ मीटर वेगाने फेकणारं, थेट साठीच्या घरात. तेव्हा रायफल ताशी २१ किलोमीटरने मागे येते. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर ताशी १४० च्या वेगाने आलेले तीन चेंडू एकाच क्षणी अडवण्याइतका तो संवेग आहे.

.४५-७० चं नाव या यादीत दोनदा आलं, २२ ज्यूललाही आणि साठीजवळही. छपाईची चूक नाही ती. या काडतुसाची खरी गोष्ट तिथेच आहे.

एक काडतूस, तीन अवतार

.४५-७० अमेरिकी लष्कराने १८७३ मध्ये स्वीकारलं, ‘ट्रॅपडोअर’ स्प्रिंगफील्ड या एकबारी रायफलीसाठी. नळीच्या मागे पेटीच्या झाकणासारखी उघडणारी झडप, म्हणून ट्रॅपडोअर. झटक्याची तक्रार तेव्हापासूनची आहे. घोडदळाच्या हलक्या, आखूड कार्बाइनमधून ७० ग्रेन दारूचं काडतूस झाडणं जड जायचं. म्हणून घोडदळासाठी दारू कमी करून ५५ ग्रेनवर आणली. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टरच्या सातव्या घोडदळाकडे याच कार्बाइन होत्या. समोरच्या लाकोटा आणि शायेन योद्ध्यांपैकी काहींकडे हेन्री आणि विंचेस्टरच्या लिव्हरवाल्या रायफली होत्या, हा त्यातला विरोधाभास.

जॉन ब्राउनिंगने आखलेली विंचेस्टर १८८६ बाजारात आली आणि .४५-७० ला लिव्हर-अ‍ॅक्शनमध्ये भक्कम घर मिळालं. मार्लिनने त्याआधीच, १८८१ च्या मॉडेलमध्ये ते आणलं होतं. लष्कराने १८९२ मध्ये .४५-७० च्या जागी नवं काडतूस निवडलं. पुढे शिकाऱ्यांचा कलही वेगवान, लहान गोळ्यांकडे वळला आणि या काडतुसाच्या नव्या रायफली मिळेनाशा झाल्या. १९७२ मध्ये मार्लिनने जुनं १८९५ हे नाव पुन्हा काढून .४५-७० ची नवी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल आणली आणि मेल्यात जमा झालेलं काडतूस परत उभं राहिलं.

मात्र तोवर एक पेच तयार झाला होता. १५० वर्षांपूर्वीच्या ट्रॅपडोअरमध्ये आणि आजच्या पोलादी मार्लिनमध्ये एकच काडतूस बसतं. ट्रॅपडोअरला जास्त दाब सोसत नाही. काडतूस बनवणाऱ्या कंपनीला मात्र ग्राहकाच्या कपाटात कोणती रायफल आहे ते कसं कळणार? म्हणून अमेरिकेतल्या मानकसंस्थेने .४५-७० ची दाबमर्यादा अगदी खाली, दर चौरस इंचाला २८,००० पौंडांवर ठेवली. मोठ्या कंपन्या ती पाळतात. काही छोट्या कंपन्या आणि घरी काडतुसं भरणारे हौशी मात्र आधुनिक लिव्हर-अ‍ॅक्शनसाठी याहून कडक काडतुसं भरतात. रुगर नंबर १ सारख्या भक्कम एकबारी रायफलींसाठी त्याहून कडक तिसरी पायरीही आहे.

म्हणजे बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या, एकाच नावाच्या काडतुसात तीन पायऱ्या. कडक काडतुसांच्या डब्यावर ‘जुन्या रायफलीत वापरू नये’ असा इशारा असतो आणि तो वकिलांसाठी छापलेला नाही. आजोबांच्या ट्रॅपडोअरमध्ये चुकून तिसऱ्या पायरीचं काडतूस गेलं तर ती झडप झाडणाऱ्याच्या डोळ्यांपासून वीतभरावर असते. या काडतुसाचं बहुगुणीपण आणि त्याचा धोका दोन्ही एकाच कारणातून आले आहेत, हे कोणत्याही रीलमध्ये सांगत नाहीत.

प्रतिस्पर्धी का मागे पडले?

.४४४ मार्लिन आलं १९६४ मध्ये, म्हणजे .४५-७० ची नवी लिव्हर-अ‍ॅक्शन बाजारात नव्हती त्या काळात. कल्पना सोपी होती. .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरची २४० ग्रेनची गोळी घ्यायची आणि लांब कवचात भरपूर दारू घालून सेकंदाला ७०० मीटरच्या पुढे न्यायची. वेग मिळाला, पण ती गोळी मुळात रिव्हॉल्व्हरच्या वेगासाठी बनवलेली. एवढ्या वेगात आदळली की लवकर पसरायची आणि मोठ्या जनावरात खोल शिरायची नाही. पुढे हॉर्नडीने २६५ ग्रेनची खास गोळी काढली तेव्हा परिस्थिती सुधारली. तरी सुरुवातीच्या रायफलींच्या नळीतला पीळ मंद होता, ३८ इंचांत एक फेरा, त्यामुळे फार लांब, जड गोळ्या त्यात स्थिर राहत नसत. आठ वर्षांत .४५-७० परतलं आणि .४४४ कायमचं सावलीत गेलं. माझ्या मते त्याच्यावर थोडा अन्यायच झाला. हरीण, रानडुक्कर, काळं अस्वल यांच्यासाठी ते पुरेसं आहे आणि त्याची गोळी .४५-७० च्या मंद गोळीपेक्षा सरळ जाते. पण ३४ ज्यूलचा झटका सोसायचाच असेल तर लोक जास्त पर्याय असलेलं काडतूस निवडतात.

.४५० मार्लिन (२०००) हे मार्लिन आणि हॉर्नडीचं संयुक्त अपत्य. त्यांनी वर सांगितलेला पेचच सोडवायला घेतला. ताकद कडक .४५-७० एवढी, पण कवचाच्या बुडाशी रुंद पट्टा, जेणेकरून जुन्या रायफलीत ते शिरणारच नाही. उत्तर बरोबर होतं, पण ते विकत घेणारं गिऱ्हाईक पुरेसं निघालं नाही. कडक काडतुसं हवी असलेल्याला ती .४५-७० मध्ये मिळतच होती, आणि त्याच रायफलीतून रविवारी २२ ज्यूलची मवाळ काडतुसंही झाडता येत होती. .४५० मध्ये ती सोय जवळपास नाही. तिथे सुरुवातच पन्नाशीपासून.

आणि .४४ मॅग्नम? ते १९५० च्या दशकातलं रिव्हॉल्व्हरचं काडतूस आहे. पण लांब नळीत त्याला रिव्हॉल्व्हरपेक्षा बराच जास्त वेग मिळतो आणि झटका .३०-३० एवढाच राहतो. प्रत्यक्षात .४४ च्या रायफली हलक्या असतात, पावणेतीन किलोच्या रायफलीत तो १७-१८ ज्यूलपर्यंत जातो, तरीही सहज पेलतो. त्याच रायफलीत .४४ स्पेशल हे आणखी मवाळ काडतूस चालतं. कमरेला .४४ चा रिव्हॉल्व्हर असेल तर दोन्हींना एकच डबा पुरतो. शंभर यार्डांच्या आत हरणासाठी ते उत्तम आहे. त्यापुढे मात्र त्याची बोजड गोळी भराभर वेग गमावते.

लांब पल्ल्याला कोण?

खरं तर यातलं कुणीच नाही. .४५-७० चं जुन्या पद्धतीचं काडतूस शंभर यार्डांवर नेम साधून झाडलं, तर दोनशे यार्डांवर गोळी दोन फुटांहून जास्त खाली लागते. .३०-३० ची गोळी तेवढ्याच अंतरात फुटाच्या आत खाली येते.

गोळ्या टोकदार केल्या तर हवेचा अडथळा कमी होईल, मग तसं का करत नाहीत? कारण बहुतेक लिव्हर-अ‍ॅक्शनमध्ये काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक उभी असतात. मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडाला, नेमकं प्रायमरला टेकतं. रायफल झटक्याने हादरली की टोकदार गोळी प्रायमरवर खिळ्यासारखी आपटून काडतूस तिथेच उडू शकतं. म्हणून गोळीचं नाक चपटं ठेवायचं, ही शंभर वर्षांची रीत. इथेही झटकाच मधे येतो. हॉर्नडीने या शतकाच्या पहिल्या दशकात गोळीला रबरासारखं मऊ टोक बसवून यावर तोडगा काढला. ते दाबलं की दबतं, हवेत मात्र टोकदार राहतं. त्याने .४५-७० चा पल्ला वाढला, पण चमत्कार झाला नाही.

विंचेस्टर १८९५ या मॉडेलमध्ये ब्राउनिंगने काडतुसं पेटीत, एकावर एक ठेवली आणि ही अडचणच काढून टाकली. त्यातलं .४०५ विंचेस्टर हे काडतूस घेऊन थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेत शिकारीला गेले होते. त्याचा झटका आमच्या हिशेबात ४४ ज्यूलच्या आसपास येतो, आणि त्या काळच्या रायफलींच्या दस्त्याला रबराची गादी नव्हती.

ज्यूल तेच, दुखणं वेगळं

हिशेब झटक्याची ऊर्जा सांगतो, वेदना सांगत नाही. जुन्या विंचेस्टरच्या दस्त्याला मागे चंद्रकोरीसारखी लोखंडी पट्टी असायची. तिची दोन टोकं खांद्यात रुततात. आजची जाड रबरी गादी तोच धक्का मोठ्या जागेवर आणि थोड्या जास्त वेळात पसरवते. वजन हा सर्वांत स्वस्त उपाय. ३.४ किलोऐवजी ४.१ किलोची रायफल घेतली तर २२ ज्यूलचे १८ होतात. उलट डोंगरात वाहायला सोपी म्हणून ३ किलोची घेतली तर कडक काडतुसाचे साठ ज्यूल पासष्टीच्या पुढे जातात. मार्लिनने १९९८ मध्ये आणलेल्या आखूड ‘गाइड गन’च्या तोंडाशी नळीला भोकं पाडलेली होती. वायू वरून निसटतो, नळी कमी उसळते. पण आवाज कानठळ्या बसवणारा.

यातून निघणारा खरा त्रास खांदा दुखण्याचा नाही. दोन-चार जबर झटके खाल्ले की शरीर पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच आक्रसतं, डोळे मिटतात, नळी खाली जाते. याला ‘फ्लिंच’ म्हणतात. शिकारीत त्याचा अर्थ जखमी होऊन पळालेलं जनावर. अस्वल समोरून येत असेल तर अर्थ आणखी वाईट, कारण तिथे पहिली गोळी चुकली तर दुसरी किती लवकर निघते यावर सगळं असतं. साठ ज्यूलच्या झटक्यातून सावरून, लिव्हर फिरवून, पुन्हा नेम धरायला अनुभवी माणसालाही वेळ लागतो.

मग कोण काय वापरतं?

अलास्कात नदीकाठी मासेमारी करणारे आणि त्यांना घेऊन जाणारे वाटाडे यांच्याकडे आखूड .४५-७० दिसते. अंतर वीस-तीस पावलांचं, समोर तपकिरी अस्वल, म्हणून जड, कठीण शिशाची, खोल शिरणारी गोळी. तिथे दोनशे यार्डांवर गोळी किती खाली येते याला महत्त्व नाही, आणि जास्त झटका हा जाणूनबुजून केलेला सौदा आहे.

ओहायो, मिशिगन, आयोवा या सपाट, वस्तीच्या राज्यांत गोष्ट उलटी. तिथे गोळी फार दूर जाऊ नये म्हणून हरणाच्या शिकारीला बऱ्याच भागांत वर्षानुवर्षं रायफलच बंद होती, फक्त शॉटगन चालायची. गेल्या दहा-बारा वर्षांत या राज्यांनी सरळ कवचाच्या काडतुसांना परवानगी दिली. पुढे निमुळत्या होणाऱ्या, बाटलीच्या आकाराच्या कवचाच्या .३०-३० ला ती नाही, पण दीडशे वर्षांच्या .४५-७० ला आहे. कॉर्नफील्डमधल्या हरणासाठी साठ ज्यूल कुणालाच नको असतात, तिथे २२ ते ३० ज्यूलची काडतुसं खपतात. रेमिंग्टनने २०२३ मध्ये याच गिऱ्हाइकासाठी .३०-३० चं कवच सरळ करून .३६० बकहॅमर नावाचं काडतूस आणलं. झटका आमच्या हिशेबाने २० ज्यूलच्या आसपास. नवख्या माणसाने अमेरिकेत आज एकच लिव्हर-अ‍ॅक्शन घ्यायची तर हे किंवा .४४ मॅग्नम जास्त शहाणपणाचं ठरेल, मोठ्या अस्वलाशी गाठ पडणार नसेल तर.

(आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे भारतीय वाचकासाठी हा सगळा विषय सिनेमा, गेम आणि भौतिकशास्त्रापुरता.)

बाजाराने आपला कौल कुणाला दिला तेही बघण्यासारखं आहे. २०२० मध्ये रेमिंग्टन दिवाळखोरीत निघाली आणि तिच्या मालकीची मार्लिन रुगर कंपनीने विकत घेतली. वर्षभर कारखाना लावण्यात गेलं. मार्लिनच्या जुन्या यादीत .३०-३० होती, .४४ मॅग्नम होती. डिसेंबर २०२१ मध्ये रुगरने पहिली मार्लिन बाजारात आणली, ती होती १८९५ एसबीएल, .४५-७० मध्ये.